ओळंबा आणि पडदा

बडोद्याच्या जुन्या शहरातील नागरवाडा ज्यांनी पायी फिरून पाहिला असेल त्यांना तेथील गल्ल्यांचे वर्णन निराळे सांगावयास नको. परस्परांना खेटून उभी असलेली जुनी घरे, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यात भरलेल्या विटा, पुष्कळ ठिकाणी दोन घरांना मिळून एकच भिंत, आणि दोन वाहने समोरासमोर आली तर एकाला मागे हटावे लागेल इतपतच रस्ता. जवळच सलाटवाडा आहे. सलाट म्हणजे गुजरातीत दगड घडविणारा कारागीर. तेव्हा बांधकामाच्या धंद्याची खूण या परिसराच्या नावातच राहून गेलेली आहे. या जुन्या वस्तीतील घरे आता एकामागून एक उतरविली जात आहेत आणि त्यांच्या जागी काँक्रीटच्या इमारती चढत आहेत. म्हापसा, मडगाव, मालवण, रत्नागिरी येथील आमच्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. कौलारू घर पाडून त्या जागी सदनिका बांधण्याचा उद्योग आपल्याही किनारपट्टीवर गावोगाव चालू आहे. म्हणूनच नागरवाड्याच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अशा गल्लीत इमारत उभी करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. खडीची गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबते, तेथून माल हातगाडीने किंवा डोक्यावरून आत न्यावा लागतो. वाळूचा ढीग शेजाऱ्याच्या दारात पडला तर भांडण, आणि पाया खोदताना सामाईक भिंतीला तडा गेला तर कोर्टकचेरी. सळई आली तर ती बांधणारा आलेला नसतो; बांधणारा आला तर सेंटरिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर अडकलेल्या असतात; आणि सर्व काही जमून आले तर नेमके आभाळ भरून येते. माल, माणसे, पैसा, वेळ आणि जीविताची सुरक्षितता या पाचांचा मेळ घालण्याच्या विद्येला आज ‘बांधकाम व्यवस्थापन’ असे नाव मिळालेले आहे. नाव नवे असले तरी भानगड जुनीच आहे. पूर्वी ही विद्या वडीलधाऱ्या मिस्त्रीच्या डोळ्यांत आणि जिभेवर असे. आता ती अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकविली जाते, आणि गेल्या काही वर्षांत तर घरबसल्या, संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शिकण्याची सोय झाली आहे.

ही सोय लहानसहान नाही. बांधकाम उद्योगाच्याच पुढाकाराने १९८३ साली स्थापन झालेल्या ‘निकमार’ या संस्थेने, जिचे पुण्यातील बालेवाडीचे संकुल प्रसिद्ध आहे आणि जी आता विद्यापीठ झाली आहे, बांधकाम व्यवस्थापनाचे दूरशिक्षण देण्याचा परिपाठ देशात रूढ केला. २००३ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एन्‌पीटेल’ हा उपक्रम आरंभिला आणि नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांना खुली केली. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्‌’ हे व्यासपीठ सुरू झाले. तेथे नाव नोंदविण्यास पैसा पडत नाही. दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवावयाचा, आणि प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावयाची, अशी तेथील सर्वसाधारण रीत आहे. विद्यापीठीय पदवीतील ४० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली दिली. या यादीत बांधकामाचे नियोजन, अंदाजपत्रक, निविदा आणि करार, सुरक्षितता अशा विषयांचे अभ्यासक्रम आहेत.

आम्ही या सोयीचे मनःपूर्वक स्वागत करतो. कुडाळच्या किंवा काणकोणच्या एखाद्या पदविकाधारक तरुणाला नोकरी सोडून पुण्या-मुंबईस राहावयास जाणे परवडत नाही. घरची जबाबदारी असते, हातातले काम सुटले तर पुन्हा मिळेल याची शाश्वती नसते. अशा तरुणाला रात्री जेवणखाण उरकल्यावर देशातील उत्तम अध्यापक ऐकावयास मिळावा, ही गोष्ट आमच्या पिढीला स्वप्नवत्‌ वाटली असती. तेव्हा पडद्यावरील शिक्षण म्हणजे थोतांड, असे नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसू इच्छीत नाही.

तथापि नागरवाड्याच्या त्या गल्लीत परत जाऊ या. तेथे चढत असलेल्या इमारतीवर प्रत्यक्ष हुकूम कोणाचा चालतो? नकाशावर सही करणारा वास्तुविशारद आठवड्यातून एखादे वेळी येतो. सांगाड्याचा हिशेब करणारा अभियंता स्लॅबच्या आदल्या दिवशी सळई पाहून जातो. उरलेल्या वेळी, म्हणजे जवळजवळ सर्वकाळ, काम चालते ते मिस्त्रीच्या आणि सुपरवायझरच्या शब्दावर. काँक्रीटमध्ये पाणी किती घालावयाचे, टेकू केव्हा काढावयाचे, पावसाची सर आली तर काम थांबवावयाचे की रेटावयाचे, हे निर्णय त्याचे असतात. त्याच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. त्या भ्रमणध्वनीवर वर सांगितलेली सारी व्याख्याने एका बोटाच्या अंतरावर आहेत. आणि त्यातले एकही त्याच्या उपयोगाचे नाही! कारण ती बहुतांशी इंग्रजीत आहेत, पदवीच्या विद्यार्थ्याला उद्देशून आहेत, आणि फळ्यावरून पडद्यावर जशीच्या तशी उतरलेली आहेत. ज्याच्या हाती इमारतीचा जीव आहे त्यालाच या विद्येच्या मंडपाबाहेर उभे केलेले आहे, ही आमची मुख्य तक्रार होय.

ही तक्रार बडोद्याचे नाव घेऊन करण्यास विशेष कारण आहे. हा प्रश्न या शहराने शतकाहून अधिक काळापूर्वी ओळखला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यास ‘कलाभवन’ स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले. बडोदे कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवीत असत. चित्रकला, स्थापत्य, यंत्रकाम, रंगाई असे विषय कलाभवनात शिकविले जात. गज्जरांचा आग्रह असा होता की, कारागिराच्या मुलाला त्याच्या धंद्याचे शास्त्र त्याच्या भाषेतच मिळाले पाहिजे; इंग्रजी येईपर्यंत थांबावयास त्याला सवड नाही. म्हणून त्यांनी देशी भाषेत तांत्रिक ग्रंथ सिद्ध करण्याची आणि पारिभाषिक शब्दांचा कोश रचण्याची योजना महाराजांपुढे मांडली, आणि महाराजांनी तिला द्रव्यबळ दिले. येथे एक गोष्ट मराठी वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. राजा मराठी, दरबारात मराठीचा मान मोठा. परंतु कलाभवनात शिकविण्याची मुख्य भाषा गुजराती होती, कारण तेथील बहुसंख्य कारागिरांची ती भाषा होती. राजाच्या भाषेचा अभिमान शिकणाऱ्याच्या सोयीआड आला नाही.

याच राज्यात आजव्याचे विशाल सरोवर अभियंता जगन्नाथ सदाशिवजी यांच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि १८९२ साली त्याचे पाणी शहरास मिळू लागले. मातीचा तो लांबलचक बांध आजही पाणी धरून आहे. पुढे १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. त्यात मराठी आणि गुजराती यांसह आठ भाषांतील प्रतिशब्द एकत्र दिलेले आहेत. भाषा आधी समृद्ध होईल आणि मग आपण तिच्यातून कारभार करू, अशी वाट पाहत ती माणसे बसली नाहीत. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले तेव्हा कलाभवन हे त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. योगायोग असा की, भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही याच कलाभवनाचे विद्यार्थी. पडदा आणि थापी यांची सोयरीक बडोद्याला नवी नाही.

आता कोणी असे विचारील की, गवंड्याला आणि सुपरवायझरला व्यवस्थापनाचे शास्त्र कशाला हवे. पिढ्यान्‌पिढ्या इमारती उभ्या राहतच आहेत की! हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण जुन्या घराचे साहित्य आणि जुन्या कामाची गती ही दोन्ही आता राहिलेली नाहीत. चुना आणि लाकूड यांच्या कामात चूक झाली तर ती दिसे आणि दुरुस्त करता येई. काँक्रीटचे तसे नाही. त्याचे गुण त्याच्या पोटात दडलेले असतात आणि ते काळाच्या हिशेबाने प्रकट होतात. त्याची ताकद तपासण्यासाठी दीडशे मिलिमीटरचे घनाकृती ठोकळे भरून ठेवावयाचे आणि २८ व्या दिवशी ते यंत्रात दाबून पाहावयाचे, असा नियम आहे. २००० साली सुधारलेल्या भारतीय मानक ४५६ मध्ये असे सांगितले आहे की, साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओल राखावी. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढावेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे १४ आणि त्याहून लांब तुळईखालचे २१ दिवसांनी. आज बाजारात मिळणाऱ्या सिमेंटच्या पिशव्यांपैकी पुष्कळशा मिश्र सिमेंटच्या असतात. आता नागरवाड्यातील काय किंवा म्हापशातील काय, किती मिस्त्रींना पिशवीवरची ही अक्षरे वाचून आपल्या पाणी मारण्याच्या दिवसांचा हिशेब बदलावयास कोणी शिकविले आहे?

समुद्रकाठच्या लोकांना तर आणखी एक गोष्ट कळणे अगत्याचे आहे. सागरी हवेतील क्षार काँक्रीटमध्ये शिरून सळईला गंज चढवितात. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडते. म्हणून त्याच मानकाने किनारी वातावरणातील कामाला ‘तीव्र’ या वर्गात घातले आहे, आणि तेथे सळईवर साधारणतः ४५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे आवरण असावे असे म्हटले आहे. लाटांचे तुषार प्रत्यक्ष उडत असतील तर ५०. सौम्य वातावरणात हेच आवरण २० मिलिमीटर पुरते. म्हणजे बडोद्याहून किंवा बेळगावाहून आलेल्या एखाद्या कुशल कारागिराने आपल्या हाताच्या सवयीने मालवणात कव्हर-ब्लॉक लावले तर त्याच्या प्रामाणिकपणाला बोल लावता येणार नाही, पण ती इमारत काही वर्षांतच आजारी पडेल. हे ज्ञान पदवीच्या परीक्षेत पाच गुणांच्या प्रश्नात असते. ते जेथे हवे तेथे, म्हणजे सळई बांधणाऱ्याच्या मनात, पोचलेले नसते.

वेळेच्या हिशेबाचेही तसेच. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या माणसांनी एक पद्धत बसविली. एखाद्या प्रकल्पातील सर्व कामे मांडून, कोणते काम कोणत्या कामावर अडते याची साखळी काढावयाची. म्हणजे कोणत्या कामाला उशीर झाला तर सबंध प्रकल्पाला उशीर होईल आणि कोणते काम चार दिवस रेंगाळले तरी चालेल, हे आधीच कळते. पाठ्यपुस्तकांत हिला ‘क्रांतिक पथ’ असे भारदस्त नाव आहे. ते ऐकून मिस्त्री हसेल. पण ‘अडणाऱ्या कामांची साखळी’ म्हटले तर त्याला ती एका क्षणात कळेल, कारण तो रोजच तिच्यात अडकलेला असतो. ही साखळी ज्याला मांडता येत नाही तो गेलेला वेळ शेवटी भरून काढावयास पाहतो. मग टेकू लौकर निघतात, पाणी मारणे चुकते, रात्रीच्या अंधारात स्लॅब ओतला जातो. बांधकामातील पुष्कळसे पाप हे लोभाइतकेच घाईचे असते, आणि घाई ही बहुधा नियोजनाच्या अभावाची मुलगी असते.

या पापाची फळे आपण पाहिली आहेत. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांच्याच शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या. ४ जानेवारी २०१४ रोजी गोव्यात काणकोण येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण प्राणास मुकले. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला झाल्यावर चारच दिवसांत तुटला आणि १३५ माणसे दगावली. ९ जुलै २०२५ रोजी खुद्द बडोदे जिल्ह्यात मही नदीवरील, १९८५ साली बांधलेला गंभीरा पूल कोसळला आणि किमान वीस जणांचा बळी गेला. या प्रत्येक दुर्घटनेची कारणे निरनिराळी आहेत आणि दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयांचे व चौकशी समित्यांचे काम आहे. आम्ही ते आपल्याकडे घेत नाही. परंतु आखणी, देखरेख, तपासणी, दुरुस्ती आणि वेळीच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार, या ज्या गोष्टींचा प्रश्न अशा प्रत्येक वेळी उपस्थित होतो, त्या सर्व बांधकाम व्यवस्थापनाच्या पोटात येतात. तेव्हा हे शिक्षण म्हणजे बढतीसाठी मिळवावयाचा एक कागद, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. त्यात माणसांचे प्राण गुंतलेले आहेत.

मग पडद्यावरून हे शिकविता येईल काय? जुन्या मंडळींचा आक्षेप असा की, ओळंबा हातात धरल्याखेरीज भिंत कळत नाही. हा आक्षेप अर्धा खरा आहे. थापीवर गिलावा किती घ्यावा, काँक्रीटचा रंग आणि ओघळ पाहून त्यात पाणी जास्त झाले हे कसे ओळखावे, हे हातानेच शिकावे लागते. परंतु मालाचा हिशेब, दिवसांची आखणी, मोजमापाची वही, कराराची कलमे, परांचीच्या सुरक्षिततेचे नियम, मानकातील दिवस आणि मिलिमीटर, हे सारे पडद्यावरून उत्तम रीतीने शिकविता येते. किंबहुना वर्गापेक्षा अधिक चांगले शिकविता येते, कारण दृश्य पुन्हा पुन्हा पाहता येते. अट एवढीच की, शिकविणाऱ्याने त्यासाठी वेगळे परिश्रम घेतले पाहिजेत. मार्च २०२० मध्ये महामारीने महाविद्यालयांची दारे बंद झाली तेव्हा अध्यापकांनी एका रात्रीत पडद्यावरून शिकवावयास आरंभ केला. त्या अडचणीच्या काळात ते योग्यच होते. पण तेव्हापासून असा एक गैरसमज रूढ झाला की, तासाभराचे व्याख्यान मुद्रित केले म्हणजे अभ्यासक्रम झाला. छायाचित्रणाचे यंत्र वर्गात ठेवून ते गवंड्याच्या उपयोगी पडेल असे मानणे म्हणजे वैद्याचे व्याख्यान ऐकवून रोग्याला बरे करू पाहण्यासारखे आहे.

चांगला अभ्यासक्रम कसा असावा याची आमची कल्पना साधी आहे. त्याचे पाठ दहा-बारा मिनिटांचे असावेत आणि ते कामाच्या जागीच चित्रित केलेले असावेत. नागरवाड्यासारख्या अरुंद गल्लीतील एक इमारत पायापासून गच्चीपर्यंत दाखविली तर तीच या विषयाचे संपूर्ण पाठ्यपुस्तक होईल: माल कोठे उतरविला, शेजाऱ्याची भिंत कशी सांभाळली, कोणत्या दिवशी काय अडले आणि त्यावर तोड काय काढली. चुकाही दाखवाव्यात, चुकीतून माणूस अधिक शिकतो. प्रत्येक पाठाबरोबर विद्यार्थ्याने आपल्या चालू कामावर करावयाची एक गोष्ट सांगावी. आपल्या स्लॅबच्या टेकूंची तारीखवार वही ठेव, आपल्या कामाची साखळी कागदावर मांड, आणि त्याचे छायाचित्र पाठव. तालुक्याच्या ठिकाणी एक मार्गदर्शक असावा, जो महिन्यातून दोनदा त्या कामावर जाऊन पाहील आणि शंकांचे निरसन करील. शेवटची परीक्षा अर्धी कागदावर आणि अर्धी जागेवर व्हावी. पडदा चालू ठेवून झोपी गेलेल्याला प्रमाणपत्र मिळू लागले तर त्या प्रमाणपत्राने अडाणी माणसाच्या अंगी नसलेला आत्मविश्वास येईल, आणि तो अडाणीपणापेक्षा घातक ठरेल.

भाषेविषयी आमची भूमिका कलाभवनाचीच आहे. नागरवाड्यात हा अभ्यासक्रम गुजरातीत हवा, सिंधुदुर्गात आणि गोव्यात मराठीत, गोव्यात कोकणीतही हवा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली आणि त्यांत मराठीचा समावेश होता. एन्‌पीटेलच्या काही व्याख्यानांची मराठी-गुजराती रूपांतरेही उपलब्ध आहेत. ही सुरुवात चांगली आहे. परंतु यंत्राकडून भाषांतर करवून घेऊन ते तसेच पुढे सरकविण्याचा मोह टाळला पाहिजे. काँक्रीटच्या ‘क्यूरिंग’चे यंत्राने ‘रोगनिवारण’ केले तर विद्यार्थ्याने काय समजावे? जो शब्द कामावर बोलला जातो तो पाठात असावा. स्लॅब, कॉलम, सेंटरिंग हे शब्द मराठी झालेले आहेत. परांची, ओळंबा, गुण्या, पाणसळ, टेकू हे आपले अस्सल शब्द जिवंत आहेत. या दोहोंच्या मेळातून जी भाषा कामावर घडली आहे तिच्याकडे पंडितांनी तुच्छतेने पाहू नये. आणखी एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. बडोद्याच्या कामांवर दाहोद-पंचमहालातील आदिवासी मजूर मोठ्या संख्येने येतात. आपल्या किनारपट्टीवर कर्नाटक, झारखंड, ओडिशा येथून येतात. त्यांची घरची भाषा ना मराठी ना गुजराती. सुरक्षिततेचे पाठ तरी अशा रीतीने चित्रित व्हावेत की, ते डोळ्यांनीच कळावेत. आणि जन्मभर डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईच्या हाती थापी किंवा मोजमापाची वही क्वचितच येते, याचाही विचार अशा अभ्यासक्रमाच्या निमित्ताने व्हावयास हवा.

हे करावयाचे कोणी? कलाभवनाचा वारसा सांगणाऱ्या बडोद्याच्या विद्याशाखेवर याचा पहिला हक्क आणि पहिले कर्तव्य आहे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९४ सालचे गुजरातचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ यांनी त्यात हात घातला, आणि कोकण व गोवा येथील तंत्रनिकेतनांनी किनारी बांधकामाचा भाग उचलला, तर एकाच कामाची आवृत्ती तीन भाषांत निघू शकेल. अभ्यासक्रम रचणाऱ्या अध्यापकाला मात्र त्यासाठी सवड आणि श्रेय दिले पाहिजे. एका चांगल्या पाठामागे कित्येक दिवसांची तयारी असते. ते काम नेहमीच्या तासांवर वरकड म्हणून लादले तर वरकडच निपजेल. पैशाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविण्यास सुरुवात झाली. कामगाराला मिस्त्री आणि मिस्त्रीला देखरेख करणारा जाणता माणूस बनविणे याहून त्याचे मोठे कल्याण कोणते? मात्र शिकलेल्या दिवसांची मजुरी बुडणार नाही अशी तजवीज त्यात असावी. उपाशीपोटी कोणी पडद्यासमोर बसत नाही.

आणि शेवटची कळ नगरपालिका, महानगरपालिका आणि पंचायती यांच्या हाती आहे. बांधकामाचा परवाना देताना नकाशावर सही कोणाची हे पाहिले जाते. जागेवर रोज उभा कोण राहणार आहे आणि त्याचे शिक्षण काय, हे ज्या दिवशी विचारले जाईल त्या दिवशी अशा अभ्यासक्रमांना विद्यार्थ्यांचा तोटा पडणार नाही. घर घेणारानेही हा प्रश्न विचारावा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत सांगाड्यातील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बांधणारावर टाकली आहे. दोष निघाल्यावर दाद मागता येते हे ठीकच. पण घर घेणारा फरशीचा रंग आणि नळाच्या तोट्या जितक्या चिकित्सेने पाहतो, तितक्याच चिकित्सेने त्याने टेकू काढल्याच्या तारखांची वही मागितली तर दोष निघण्याची वेळच पुष्कळदा येणार नाही.

गज्जरांनी कलाभवन काढले तेव्हा त्यांच्यापाशी पडदा नव्हता, वीज नव्हती, छापलेली पाठ्यपुस्तकेही नव्हती. शिकणारा कोण आहे याची स्पष्ट जाण तेवढी होती. आज साधने हवी तेवढी आहेत आणि नेमकी ती जाण हरवल्यासारखी झाली आहे. नागरवाड्यातील त्या गल्लीत उद्या सकाळी आठ वाजता एक मिस्त्री येईल, ओळंबा सोडील आणि भिंत सरळ आहे की नाही ते पाहील. दुपारच्या सुट्टीत तो भ्रमणध्वनी उघडील, तेव्हा त्यावर त्याच्या भाषेत, त्याच्या कामाविषयी, त्याला कळेल असे काही त्याला सापडावे, एवढी व्यवस्था विद्यापीठांनी आणि सरकारांनी करावी. तिच्यासाठी नव्या शोधाची गरज नाही आणि फारसा पैसाही लागणार नाही. त्या इमारतीत उद्या आपलीच मुलेबाळे राहावयास जाणार आहेत, याचे स्मरण संबंधितांनी ठेवले तरी पुरे.